मदत हवी आहे: इंजिन तापलं की आरडी ३५० चा डावा सिलिंडर मिस मारतो

गाडी म्हणजे राजदूतची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल, १९८५ ची, पॉइंटवाली (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारे यांत्रिक संपर्क), सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं नाही. मी डिचोलीत राहतो. थंड असताना दोन्ही सिलिंडर झकास चालतात. पणजीच्या वाटेवर दहा-बारा किलोमीटर झाले की डावा सिलिंडर फटफटू लागतो आणि पर्वरीच्या चढावर पार बसतो. हेडवर पाणी शिंपडलं तर उजवीकडे चुर्र होतं, डावीकडे नुसताच ओघळ, म्हणजे डावा पेटतच नाही. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

प्लग काढला तर काळा, पेट्रोलने ओला. दोन्ही प्लग आणि कॉइल आपसांत बदलून पाहिले, दोष डावीकडेच राहिला. कार्बोरेटर साफ केला, फ्लोटची नीडल नवी टाकली. कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं. चोक अडकलेला नाही, तेही पाहिलं. डाव्या पॉइंटवर मात्र अंधारात ठळक निळी ठिणगी उडताना दिसते. ही ठिणगी दाबणारा कंडेन्सर मागच्याच महिन्यात बदललाय, पण सुटा, बिनब्रँडचा. माझा संशय त्याच्यावरच.

गॅरेजवाला क्रँकचं सील (क्रँकशाफ्टच्या टोकाशी हवा अडवणारी रबरी रिंग) गेलंय म्हणतो, इंजिन खोलायला सांगतो. पण डावं सील गेलं तर हवा ओढून प्लग पांढरा पडायला हवा ना? चतुर्थीच्या आधी इंजिन खोलायची माझी तयारी नाही. मल्टिमीटर आणि फीलर गेज आहे, टायमिंगचा डायल गेज नाही.

तर इंजिन गरम असताना, रस्त्याकडेलाच, दोष कंडेन्सरचा की पॉइंटच्या वायरचा हे खात्रीने कसं ओळखायचं? आणि उजव्या-डाव्या कंडेन्सरची अदलाबदल एवढ्यावर विसंबता येईल का?