मुंबई ते गोवा विमानाने नक्की अंतर आणि वेळ किती? लवकर सांगा प्लीज

घाईत_आहे:
गुगल 425 किमी दाखवतंय, दुसऱ्या एका अ‍ॅपवर 230 आहे. आणि तिकिटावर 1 तास 20 मिनिटं. विमानाला एवढ्याशा अंतराला सव्वा तास कसा लागेल?? खरा वेळ सांगा, त्यावर पुढचं सगळं ठरवायचंय. अर्जंट आहे.

केळफूल:
230 हे नॉटिकल मैल असणार. एक म्हणजे 1.852 किमी, गुणून बघा, येतं बरोबर.

रुळावरचा:
पुढचं म्हणजे काय? मुक्काम कुठे? कोकणात जायचं असेल तर विमानाचा नाद सोडा, रात्री कोकणकन्येत झोपा नाहीतर दादरहून तुतारी पकडा.

घाईत_आहे:
ट्रेनचं विचारलंच नाहीये.

सड्यावरचो:
खंय उतरतलंस ता आधी सांग. गोव्यात विमानतळ दोन आसत, दाबोळी की मोपा?

घाईत_आहे:
गोवा एअरपोर्ट. तिकीट भावाने काढलंय, त्यावर जीओआय लिहिलंय. सकाळी 6.20 ला सुटतं.

सड्यावरचो:
जीओआय म्हणजे दाबोळी. मोपाचा कोड जीओएक्स. मुंबईहून हवेतून मोपा साधारण 385 किमी, दाबोळी सव्वाचारशेच्या आसपास, विमानात बसून हा फरक कळणारसुद्धा नाही, पण खाली उतरल्यावर कळेल. जायचं कुठे ते अजून सांगितलं नाहीस.

केळफूल:
आणि तो 1.20 गेटवरून हलल्यापासून तिकडे गेटला लागेपर्यंतचा असतो. हवेत पाऊण तास ते पन्नास मिनिटंच. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, सकाळी रांगेत उभं राहण्यातच वेळ जातो. कंपन्या तो धरूनच वेळ छापतात, म्हणून लवकर पोचलं की लोक खूश.

पुणेरी_पेन्शनर:
विमानात सुकं खोबरं नेऊ नका. तेल असतं, पेट घेतं म्हणून काढून ठेवतात. आमच्या हिची अख्खी पिशवी सिक्युरिटीवर राहिली होती.

घाईत_आहे:
काका खोबऱ्याचा काय संबंध?? कुडाळला साखरपुडा आहे, साडेदहाचा मुहूर्त. पोचेन ना?

सड्यावरचो:
हे आधी सांगायचं ना बाबा! दाबोळीहून कुडाळ शंभर किमीच्या वर. वास्को सोडा, झुआरी पूल, पणजी, पर्वरीचं ट्रॅफिक, म्हापसा, मग हद्द ओलांडून बांदा. 7.40 ला उतरून बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत सव्वाआठ, पुढे अडीच-तीन तास. मोपा पेडण्यात आहे, तिथून कुडाळ पन्नासच्या आसपास.

केळफूल:
त्यात दाबोळी नौदलाचा तळ. आठवड्याच्या दिवशी सकाळचा बराच वेळ त्यांच्या सरावाला राखीव असतो, विमान लेट झालं तर अजून लटकाल. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं बघितलं का? कुडाळला तेच सगळ्यात जवळ.

सड्यावरचो:
चिपीची विमानं कधी असतात कधी नसतात, साखरपुड्यासारख्या कामाला कोण भरवसा ठेवणार.

रुळावरचा:
म्हणूनच म्हटलं तुतारी. थेट कुडाळ स्टेशन.

केळफूल:
आणि तिकीट? साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि बघता बघता वेटिंग. तत्कालमध्ये तुम्हीच काढून द्या मग.

रुळावरचा:
काढून देतो की, तारीख सांगा.

घाईत_आहे:
तारीख परवाची. जीओएक्सचं पहाटेचं एक दिसतंय, दाबोळीचं कॅन्सल केलं तर जवळपास सगळे पैसे बुडतात. आदल्या रात्रीचं बघू का? मोपाहून रात्री कुडाळला टॅक्सी मिळते का, आणि साधारण किती घेतात?

पुणेरी_पेन्शनर:
ओटीचा नारळ ओला घ्या, तोही कुडाळलाच.