थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम : सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना बरगडी काढून घ्यावी का? (मदत हवी आहे)

वळचण : गेले कित्येक महिने उजवा हात दुखतो, मुंग्या येतात आणि हात वर धरून काही करायला घेतले की तो जड होऊन खाली येतो. मानेच्या एमआरआयमध्ये काहीही निघाले नाही आणि कार्पल टनेलची (मनगटात मज्जातंतू दबण्याची) तपासणीही नॉर्मल आली. आता दुसऱ्या डॉक्टरांनी थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे निदान करून पहिली बरगडी काढण्याचा पर्याय सुचवला आहे. पहिल्या डॉक्टरांच्या मते मात्र या निदानाला फारसा अर्थ नाही. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांनी कृपया हो किंवा नाही एवढेच सांगावे. व्यायामाचे सल्ले पुरेसे ऐकून झाले आहेत.

बोरूबहाद्दर : हो किंवा नाही सांगण्याइतकी माहिती आपण दिलेलीच नाही. मुंग्या कोणत्या बोटांना येतात? हात सुजून निळसर पडतो का, की बोटे गार आणि पांढरी होतात? गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या अरुंद वाटेत मज्जातंतू दबतात, नीला दबते किंवा रोहिणी दबते, आणि या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत मज्जातंतूच दबलेले असतात. तथापि हात अचानक सुजला असेल, तर नीलेत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि अशा वेळी प्रतिसादांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सांजवारा : मला रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपल्यामुळे पूर्ण आराम पडला. शस्त्रक्रियेच्या फंदात पडू नये.

वळचण : कार्पल टनेल नाही, हे मी वर लिहिले आहे. मुंग्या करंगळीला, अनामिकेला आणि कोपरापर्यंत हाताच्या आतल्या कडेला येतात. सूज नाही, रंगही बदलत नाही. डॉक्टरांनी मान वळवायला लावून मनगटाची नाडी पाहिली, ती लागेनाशी झाली आणि त्यावरून त्यांनी निदान केले.

बोरूबहाद्दर : ती ॲडसन चाचणी. अनेक निरोगी माणसांचीही नाडी तशी थांबते, त्यामुळे केवळ तेवढ्यावर कोणाचीही बरगडी काढू नये. आपण सांगितलेली आतली कड मात्र महत्त्वाची आहे. कोपराशी अल्नर (करंगळीकडे जाणारा) मज्जातंतू दबला तर बधिरता सहसा मनगटाच्या वर फारशी चढत नाही. ती चढत असेल, तर दोष त्याहून वर, म्हणजे गळ्याच्या हाडाजवळ किंवा मानेच्या मुळाशी शोधावा लागतो. फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठही क्वचित अशीच लक्षणे देते, तेव्हा छातीचा एक्स-रे झालेला नसल्यास तो आधी काढावा.

ताठकणा : आपल्याला ऐकायचे नसले तरी लिहितो. मानेच्या बाजूचे स्केलीन स्नायू आणि छातीवरचा पेक्टोरॅलिस मायनर मोकळे करणे, खांदे मागे घेणे आणि छातीऐवजी पोटाने श्वास घेणे, एवढे काही महिने जाणत्या फिजिओच्या देखरेखीखाली केल्यावर माझा हात सुधारला. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही.

उलटतपासणी : 'बहुतेकांना' म्हणजे सर्वांना नव्हे. मी तेच व्यायाम निष्ठेने केले आणि दुखणे वाढतच गेले. अखेर सोनोग्राफीत पाहून स्केलीन स्नायूत भुलीचे इंजेक्शन दिले, तेव्हा काही तास हात हलका झाला, म्हणून काखेतून पहिली बरगडी काढली. आज मी व्यवस्थित आहे.

ताठकणा : आपले उदाहरण सर्वांना लागू करू नये. शस्त्रक्रियेत मज्जातंतूला किंवा फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते, हेही लिहायला हवे होते.

उलटतपासणी : आपणही आपलेच उदाहरण दिले आहे.

बोरूबहाद्दर : दोघांचेही म्हणणे स्नायू शाबूत असतील तरच लागू होते. धागाकर्ते, हाताची ताकद कमी झाली आहे का?

वळचण : शर्टाचे बटण लावायला वेळ लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याकडच्या फुगीर भागात, खळगा पडल्यासारखा दिसतो. पण मुंग्या करंगळीला येतात, मग अंगठ्याचा संबंध काय?

बोरूबहाद्दर : फार जवळचा. जिलियट आणि समनर या मज्जातंतूतज्ज्ञांनी 1970 मध्ये नेमका असाच हात वर्णन केला होता : संवेदना करंगळीच्या बाजूची जाते, पण स्नायू सर्वाधिक अंगठ्याच्या मुळाशी झिजतात, कारण दोन्हींचे तंतू मज्जातंतूंच्या एकाच खालच्या जुडग्यातून येतात. मानेत जन्मजात जादा बरगडी असते किंवा तिच्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक ताठ पट्टा असतो आणि त्यावर हे जुडगे ताणले जाते. जादा बरगडी मानेच्या साध्या एक्स-रेत दिसते. पट्टा मात्र दिसत नाही. आपल्या कार्पल टनेलच्या जुन्या अहवालात मीडियन मज्जातंतूचा (अंगठ्याच्या मुळाशी जाणाऱ्या) मोटर अँप्लिट्यूड, म्हणजे स्नायूकडून मिळणाऱ्या विद्युत प्रतिसादाची उंची, किती लिहिला आहे, ते कृपया पाहावे.

वळचण : 'उजवीकडे कमी' असे लिहिले आहे. निष्कर्षात फक्त 'कार्पल टनेलचा पुरावा नाही' एवढेच आहे.

बोरूबहाद्दर : तर मग 'सगळे नॉर्मल' हे म्हणणे टिकत नाही. नर्व्ह कंडक्शन (मज्जातंतूंतून विद्युत संकेत कसे वाहतात याची तपासणी) पुन्हा करून घ्यावे आणि त्यात कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या कडेच्या त्वचेला जाणारा मज्जातंतू दोन्ही हातांत तपासावा, असे आवर्जून सांगावे. एरवी तो वगळला जातो. दबाव सिद्ध झाला, तर झीज सुरू असताना केवळ व्यायामावर महिने घालवू नयेत. झिजलेला स्नायू पूर्ववत भरून येण्याची आशा कमी असते, त्यामुळे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढची हानी थांबवणे हा असतो.

ताठकणा : झीज असेल तर मीही आग्रह धरणार नाही.

सांजवारा : पट्टा दोन्ही मनगटांना बांधावा लागतो, हे लिहायचे राहिले होते.

वळचण : उद्या मानेचा आणि छातीचा एक्स-रे काढतो आणि नर्व्ह कंडक्शनची वेळ घेतो. अहवाल आले की इथेच आकड्यांसह लिहीन.