गुडघा बदलल्यावर रात्रीचा ठणका

डिचोलीकर: आईचा उजवा गुडघा बदललाय. दिवसा वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाते, पण रात्री ठणका झोपू देत नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं म्हणते. देऊ का? चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधताना उभं राहायचंय तिला.

फोंड्याची सून: गुडघ्याखाली नको! सासूबाईंच्या फिजिओथेरपिस्टने निक्षून सांगितलं होतं, पाय वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली द्या. व्यायामानंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, 15-20 मिनिटं. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची का, विचारून घ्या. आम्हाला त्याचाच फार उपयोग झाला.

पेडणेकर: पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली तर थेट 108.

डिचोलीकर: उशी हलवली. कुरकुरतेय, पण ऐकलं.