बाथर्स्टचा डोंगर तोच, मग टूरिंग कारचं वेड का ओसरलं?

अल्टोनाकर (धागाकर्ता)

माझं मत आधीच मांडतो. ऑस्ट्रेलियात टूरिंग कार शर्यतींचं (म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या शर्यतींचं) वेड लोकांनी आपणहून सोडलेलं नाही, ते त्यांच्या हातातून काढून घेतलं गेलं. ट्रॅकवरची गाडी आणि दारातली गाडी यांचं नातं तुटलं आणि तिथून ओहोटी लागली.

ज्यांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्ट गावाला लागून माउंट पॅनोरमा आहे. त्यावर सुमारे सव्वासहा किलोमीटरचा गोल रस्ता, पायथा ते माथा १७४ मीटरचा चढ. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी इथे १६१ फेऱ्यांची, हजार किलोमीटरची शर्यत होते. १९६० मध्ये फिलिप आयलंडला सुरू झालेली ही शर्यत १९६३ साली या डोंगरावर आली. तेव्हा नियमच असा होता की गाडी ऑस्ट्रेलियात बनलेली किंवा जुळवलेली हवी, आणि शोरूममध्ये मिळते तशीच हवी. गट पाडायचे तेही गाडीच्या किमतीवरून. बघणाऱ्याला सरळ कळायचं, आपल्या ऐपतीतली कुठली गाडी चढ काढते आणि कुणाचे ब्रेक उतारावर जातात. १९६६ ला पहिले नऊच्या नऊ नंबर मिनी कूपर एसचे होते! १९६७ ला फोर्ड फाल्कन जीटी जिंकली, १९६८ ला होल्डन मोनारो (होल्डन म्हणजे जनरल मोटर्सची ऑस्ट्रेलियातली कंपनी), आणि फोर्ड-होल्डनची जुंपली ती पन्नास वर्षांहून जास्त.

मी मेल्बर्नला आलो तेव्हा ऑफिसात लोक धर्म, देश काही विचारत नसत, "फोर्ड की होल्डन?" एवढं विचारत. घराघरात ते वाटलेलं असायचं. बाप होल्डनवाला असेल तर पोरगा फाल्कन घ्यायला धजायचा नाही.

आता पुढचं बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रॉडमेडोजच्या कारखान्यात फोर्ड फाल्कन बनणं बंद झालं. वर्षभरात आमच्या अल्टोनातला टोयोटाचा कारखाना गेला आणि त्याच महिन्यात ॲडलेडजवळच्या एलिझाबेथमधून होल्डनची शेवटची कमोडोर बाहेर पडली. २०१८ पासून ट्रॅकवर कमोडोर म्हणून जी धावली ती मुळात जर्मनीतून येणारी ओपेल. शोरूममध्ये तिला ट्रॅकवरच्यासारखं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिनच नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि २०२३ पासून होल्डनच्या जागी उतरली शेव्हरले कॅमॅरो, जी तोवर ऑस्ट्रेलियात नवी विकत मिळायचीही बंद झाली होती. मग लोकांनी जीव लावायचा कशाला? वरच्या पत्र्याच्या आकाराला?

सिडनीची सई

अल्टोनाकर, पोटतिडीक पोहोचली, पण मुद्दा मुळीच पटला नाही. तुमचं गणित सालांवर टिकत नाही.

शोरूममधली गाडी जशीच्या तशी उतरवायचा नियम १९७३ मध्येच गेला. त्याच्या आदल्या वर्षी वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली होती की शर्यत जिंकण्यासाठी कंपन्या ताशी अडीचशे किलोमीटर पळणाऱ्या गाड्या रस्त्यावर विकायला काढताहेत. मंत्री खवळले, कंपन्यांनी त्या गाड्या गुंडाळल्या आणि नियम सैल झाले. मग वेड शिगेला कधी पोहोचलं? त्यानंतर! १९७९ ला पीटर ब्रॉक आणि जिम रिचर्ड्स यांनी होल्डन टोरानातून शर्यत सहा फेऱ्यांच्या आघाडीने जिंकली, आणि ब्रॉकने अगदी शेवटच्या फेरीत फेरीचा विक्रम मोडला. तशी गरज काहीच नव्हती. लोक त्या माणसावर वेडे होते.

आणि १९८० चा दगड कसा विसरता? डिक जॉन्सन क्वीन्सलँडचा, कंपनीच्या पैशावर नव्हे तर स्वतःला गहाण टाकून निळी फाल्कन घेऊन आलेला. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होता. चढावर एका बाजूला टो-ट्रक उभा, दुसऱ्या बाजूला रस्त्यात मोठा दगड. जायला जागाच नाही. गाडी दगडावर आदळली आणि भिंतीवर गेली. टीव्हीवर बोलताना त्याचा गळा दाटून आला आणि चॅनेल सेव्हनचे फोन खणखणू लागले. कुणी पाच डॉलर, कुणी दहा. लोकांनी जेवढे दिले तेवढेच फोर्डने वर घातले, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस जॉन फ्रेंचला जोडीला घेऊन बाथर्स्ट जिंकला. पैसे पाठवणाऱ्यांत होल्डनवालेही होते. सांगा, ते कुठल्या शोरूमसाठी रडले?

तुमच्या सिद्धांताची खरी परीक्षा १९९२ ला झाली. निसान जीटी-आर रस्त्यावरच्या गाडीच्या किती जवळ होती! तरी पावसात शर्यत थांबवून तिचे ड्रायव्हर मार्क स्केफ आणि जिम रिचर्ड्स यांना विजेते ठरवलं तेव्हा गर्दीने हुर्यो उडवली. रिचर्ड्सला व्यासपीठावरून त्या गर्दीला चार शब्द सुनवावे लागले. त्याच शर्यतीत डेनी हुल्म हा फॉर्म्युला वनचा माजी जगज्जेता गाडी चालवताना हृदयविकाराने गेला होता. अशा दिवशी हुर्यो. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि फक्त फोर्ड-होल्डनच्या पाच लिटरच्या व्ही-एट गाड्यांचं राज्य आलं. १९९७-९८ ला तर दोन वेगवेगळ्या बाथर्स्ट झाल्या, एक दोन लिटरच्या गाड्यांची आणि एक व्ही-एटची. दोन लिटरवाल्या रोज दारात दिसणाऱ्या गाड्या होत्या. गर्दी मात्र व्ही-एटकडे गेली.

लोकांना दारातली गाडी नको होती. त्यांना दोन कळप हवे होते आणि त्या दोन कळपांनी तिसऱ्याला कधी घरात घेतलं नाही. आज ओहोटी लागली असेल तर तिचं मूळ या दार लावून घेण्यात आहे.

निळा_फाल्कन

दोघांचं वाचलं. एक साधी गोष्ट कुणी बोलत नाही, टीव्ही.

१९७९ ला चॅनेल सेव्हनने बाथर्स्टला एका सेलिकात कॅमेरा बसवला आणि चालू शर्यतीत ड्रायव्हर घराघरात बोलू लागला. त्या काळी जगात असं क्वचितच कुठे दिसत असेल. शर्यत फुकट घरात यायची म्हणून पोरांना लळा लागायचा. २०१५ पासून वर्षभराच्या मालिकेतल्या सगळ्या शर्यती थेट बघायच्या तर फॉक्सटेल या सशुल्क टीव्हीचे पैसे भरा. बाथर्स्ट आणि मोजक्या शर्यती तेवढ्या मोकळ्या राहिल्या. मी भरतो, कारण मला आधीपासून वेड आहे. पण ज्या पोराला वेड लागायचंय त्याचा बाप कशाला भरेल? वर्षातून एकदा बाथर्स्ट बघून कुणाचा ड्रायव्हर आपला होत नाही. त्यासाठी टास्मानियाच्या सिमन्स प्लेन्सला तो तिसरा आला हेसुद्धा बघितलेलं असावं लागतं.

होल्डनच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांपैकी किती जणांनी शेवटच्या दहा वर्षांत नवी कमोडोर घेतली? सगळे माझदा आणि टोयोटा हायलक्स घेत होते. कारखाना उगाच नाही बंद पडला.

अल्टोनाकर

निळा_फाल्कन, टीव्हीचा मुद्दा मान्य, तो माझ्या मुद्द्याच्या आड येत नाही. पण कमोडोर न घेणाऱ्यांना दोष देऊ नका. गाडी बनवायचं थांबवण्याचा निर्णय घेणारे जनरल मोटर्सचे साहेब डेट्रॉइटला बसले होते. एलिझाबेथच्या लाइनवर उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

सईताई, तुमची सालं बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. १९७३ नंतरही टोराना, फाल्कन, कमोडोर या गाड्या इथेच बनत होत्या. शेजारी चालवत होता, गॅरेजवाला दुरुस्त करत होता, पोलिसांकडे त्याच होत्या. आत बदल केलेला असला तरी बोनेटखालचं इंजिन त्याच घराण्यातलं होतं. जीटी-आर अधिकृतपणे ऑस्ट्रेलियात आल्या जेमतेम शंभर, किंमत लाख डॉलरच्या वर. ती कुणाच्या दारात होती? डिक जॉन्सनला लोकांनी पैसे पाठवले कारण तो त्यांच्यासारखाच होता आणि त्याची गाडीही त्यांच्यासारखीच होती. माणूस आणि गाडी वेगळी काढताच येत नाहीत, माझं म्हणणं तेच आहे.

४ डिसेंबर २०२२ ला ॲडलेडला होल्डनची शेवटची शर्यत झाली. ब्रॉक फीनी या तरुण पोराने ती जिंकली, त्याचा पहिलाच विजय. कमोडोर जिथे बनायची त्याच शहरात ती थांबली. माणसं कुंपणाला धरून रडत होती. नुसत्या कळपासाठी कुणी असं रडत नाही.

मिडलंड्सवाला

इंग्लंडातून लिहितोय. इथलं उदाहरण तुम्हा दोघांनाही अडचणीत आणेल.

नव्वदच्या दशकात ब्रिटिश टूरिंग कारचा काळ डोळे दिपवणारा होता. कॅव्हेलियर, मोंडिओ, लगूना, प्रिमेरा, सगळ्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाड्या. १९९४ ला व्होल्वोने चक्क ८५० ची इस्टेट उतरवली, मागे सामान भरायची लांब डिकी असलेली! त्याच वर्षी अल्फा रोमिओची १५५ घेऊन टार्क्विनी हा ड्रायव्हर आला आणि चषक घेऊन गेला. आठ-आठ कंपन्या पैसा ओतत होत्या, समालोचक मरी वॉकरचा आवाज होता. आणि पैशानेच ते खाल्लं. २००० सालापर्यंत फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सॉल एवढेच कंपनीचे संघ उरले.

आज इथे शर्यती दिवसभर आयटीव्ही-४ वर फुकट दिसतात. फोकस, कोरोला, आय-३० धावतात, म्हणजे दारातल्याच गाड्या. अल्टोनाकर म्हणतात ते आहे, निळा_फाल्कन म्हणतात तेही आहे. ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर कुटुंबं डबे घेऊन येतात, पोरं पॅडॉकमध्ये (संघांच्या गाड्या उभ्या असतात तिथे) जाऊन सह्या घेतात, फार आनंदाचं वातावरण असतं. तरी ९४ चं वेड नाही, कारण मोठ्या कंपन्यांची ईर्षा नाही. बहुतेक संघ खासगी आहेत. माझ्या मते प्रेक्षक ईर्षेच्या मागे जातो. फोर्डच्या साहेबाला रविवारी हरल्यावर सोमवारी झोप लागत नसेल, तरच प्रेक्षकही जागा राहतो.

चाकणकर

मी चाकणच्या गाड्यांच्या पट्ट्यात काम करतो म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे फोक्सवॅगनच्या कारखान्यात पोलो बनायची आणि २०१० पासून पोलो कप सुरू झाला. पोलो, मग व्हेंटो, मग अमिओ. अल्टोनाकरांच्या हिशोबाने अख्ख्या चाकणने त्या शर्यतींसाठी जीव टाकायला हवा होता. टाकला का? शर्यती व्हायच्या चेन्नई, कोइमतूर अशा लांबच्या ठिकाणी. ज्यांच्या डोळ्यांसमोर त्या गाडीची दारं बसली, त्यांनी ती पळताना कधी पाहिली नाही.

इथल्या घाटात बैलगाडा शर्यत असते तेव्हा लोक कुणाची जोडी, कुठल्या गावची हे आधी विचारतात, कारण घाट डोळ्यांसमोर आहे आणि बैल रोज दिसणारा आहे. मैदान जवळ नसेल तर आपली गाडी असून उपयोग नाही. बाथर्स्टला वेड टिकलंय ते त्या डोंगरामुळे असं मला लांबून वाटतं.

सिडनीची सई

चाकणकर, अगदी बरोबर! मी त्या डोंगरावरून स्वतःची साधी हॅचबॅक चालवलीय. एरवी तो दुतर्फा वाहतुकीचा सार्वजनिक रस्ता आहे, कडेला लोकांची घरं आहेत, ताशी ६० ची मर्यादा. टीव्हीवर सपाट वाटणारा स्कायलाइनचा कोपरा प्रत्यक्षात असा आहे की पुढचा रस्ता बोनेटखाली नाहीसाच होतो. साठच्या वेगाने पोटात गोळा आला. त्या दिवसापासून मी बाथर्स्ट बघताना माझा हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखा होतो, समोर कॅमॅरो असो की फोर्डची मस्टँग. माझ्या दारात दोन्ही नाहीत.

आणि २०१४ ची व्होल्वो एस-६०? म्हाताऱ्यांची गाडी म्हणून नाक मुरडलं जायचं. ॲडलेडला ड्रायव्हर स्कॉट मॅकलॉफलिनने ती जेमी व्हिंकपच्या कमोडोरला अशी भिडवली की दुसऱ्या दिवशी निम्मी ऑस्ट्रेलिया व्होल्वोच्या बाजूने. उलट निसानची अल्टिमा शोरूममध्ये हजर होती, चार दारांची, घरगुती. तिच्यासाठी कुणी झेंडा शिवला?

अल्टोनाकर

अल्टिमाच्या शर्यतीच्या गाडीत निसानच्याच पॅट्रोल या मोठ्या गाडीच्या घराण्यातलं व्ही-एट होतं, शोरूममध्ये चार आणि सहा सिलिंडर. तो नावापुरता मेळ होता, लोकांनी बरोबर ओळखला. टोयोटाने २०२६ पासून सुप्रा उतरवायचं ठरवलं, तिथेही तेच. रस्त्यावरच्या सुप्रात बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडर, ट्रॅकवर टोयोटाचं व्ही-एट. ज्या कंपनीने अल्टोनात वर्षानुवर्षं कॅमरी बनवली तिने निदान इथल्या रस्त्यांवर दिसणारं काहीतरी आणायला हवं होतं. माझी मागणी स्पष्ट आहे: जी गाडी धावते ती त्या वर्षी ऑस्ट्रेलियात विकायला असलीच पाहिजे आणि इंजिन त्याच गाडीचं पाहिजे.

निळा_फाल्कन

इंजिनाच्या अटीला माझा ठाम विरोध. तो नियम लावला तर पाच वर्षांत सगळी रांग हायब्रिड एसयूव्हींची होईल, कारण लोक तेच विकत घेताहेत. विकायला असण्याची अट घाला, ती चालेल. पण त्याआधी मालिकेतली प्रत्येक शर्यत फुकट टीव्हीवर आणा.

सिडनीची सई

मला दोन्ही अटी नकोत. तिसरी, चौथी, पाचवी कंपनी येऊ द्या, इंजिन कुठलंही बसवू द्या. मिडलंड्सवाला म्हणतात ती ईर्षा त्यातूनच येईल. अल्टोनाकर, पुढच्या ऑक्टोबरला डोंगरावर या. तंबूची जागा आतापासून धरून ठेवावी लागते, वरच्या कॅम्पिंगची लवकर संपते.