पार्किंगमधली पंगत

जोशीकाका (ए-१०३): सुप्रभात. काल रात्री प्राचीने गेटजवळ भटक्या कुत्र्यांसाठी चिकनचं घमेलं ठेवलं आणि पुन्हा तेच. सहाही कुत्री एकमेकांवर तुटून पडली. मीटिंगमध्ये काय ठरलं होतं?

वैशाली (सी-७०२): आधी ते चिकन बंद करायला सांगा. मांस खाऊन पिसाळतात.

डॉ. मेघना (बी-२०४): ताई, पिसाळणं म्हणजे रेबीज. तो चाव्यातल्या लाळेतून जातो, चिकनमधून नाही. भांडण लागतं ते एकाच घमेल्यामुळे. पसरलेलं खाणं कुणा एकाला राखता येत नाही. ढीग राखता येतो, म्हणून त्यावर मारामारी.

शिंदे (बी-६०१): सोसायटीच्या सिंकिंग फंडासारखं, मोठ्या दुरुस्तीच्या पैशांसारखं.

खजिनदार (ए-५०२): हिशोब बोर्डावर आहे शिंदेसाहेब. तुमचा दोन क्वार्टर्सचा मेंटेनन्स बाकी आहे.

शिंदे: गंमत केली हो.

जोशीकाका: गेटजवळ खाणं नको, एवढंच.

समीर (सी-३०५): केनियातल्या मसाई मारामध्ये रॉबर्ट सापोल्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बबून माकडांच्या टोळीत हेच पाहिलं. टुरिस्ट लॉजच्या उकिरड्यावर दुसऱ्या टोळीशी भांडून खायला जायचे ते तिथले सगळ्यात दांडगे नर. १९८०च्या दशकात तिथल्या क्षयबाधित मांसाने तेच मेले, म्हणजे टोळीतले जवळपास निम्मे नर. उरलेली टोळी मवाळ झाली, आणि नंतर बाहेरून आलेले नरही तसेच वागायला लागले.

वैशाली: आपण केनियात राहत नाही.

प्राची (बी-१०२): खाणं बंद केलं तर ही सहा भुकेने रस्त्यावर हिंडणार आणि बाहेरच्यांशी भांडणार. सगळ्यांची नसबंदी झालीय, कानाची खाच बघा. खर्चाला कुणी पाच रुपये दिलेत का?

मेघना: प्राची, खाणं चालू ठेव, पद्धत बदल. सहा ताटल्या, दोन ताटल्यांत किमान दहा फूट, मध्ये गाडी किंवा भिंतीचा आडोसा. दांडग्याला आधी वाढायचं, लगेच बाकीच्यांना. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला शिजलेला भात ३०० ग्रॅम, बिनहाडाचं उकडलेलं चिकन १५० ते २०० ग्रॅम. कांदा-लसूण नाही. शिजलेलं हाड तर अजिबात नाही, फुटून आतड्यात टोचतं. रोज एकच वेळ, वीस मिनिटांनी ताटल्या उचलायच्या. पण कुत्रं मान खाली घालून ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, की ताटलीला हात लावायचा नाही.

जोशीकाका: गेटजवळ नको.

सेक्रेटरी (ए-४०१): काका, वाचलं. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण (एबीसी) नियमांप्रमाणे खाण्याची जागा सोसायटीनेच ठरवायची असते. जिने, येण्याजाण्याचं दार आणि मुलांची खेळायची जागा सोडून. जनरेटरमागे चालेल?

पाटीलवहिनी (सी-००२): जनरेटरमागे आमच्या बेडरूमची खिडकी आहे. आम्हाला विचारलं कुणी?

मेघना: आणि ओल्या कचऱ्याचा ड्रम उघडा राहिला तर ताटल्या मांडून उपयोग नाही. बाहेरची कुत्री त्याच्यावरच येतात.

सेक्रेटरी: झाकण मार्चमध्येच आणलंय. कुठाय ते?

शिंदे: आमच्या विंगेत नाही.

खजिनदार: बिल आहे माझ्याकडे.