मदत हवी आहे: आयआयटीपेव्ह वापरताना डीबीएमचे व्हॉइड्स कुठले धरायचे?

नमस्कार मंडळी,
एका डांबरी राज्यमार्गाच्या थरांचं डिझाइन तपासायला आलंय; थरांतला स्ट्रेन (भाराखाली होणारी सापेक्ष विकृती) आयआयटीपेव्ह या सॉफ्टवेअरने काढलाय. आयआरसी ३७:२०१८ (डांबरी रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शिका), ३० एमएसए (दशलक्ष प्रमाणित अ‍ॅक्सलच्या फेऱ्या), रिलायबिलिटी ९० टक्के. खाली काळी माती, वर मुरमाचा सबग्रेड (रस्त्याच्या थरांखालचा पाया), इफेक्टिव्ह सीबीआर (मातीची भार पेलायची ताकद) ८. म्हणजे मॉड्युलस (ताठरपणा) ६६.६ एमपीए. जीएसबी आणि वेट मिक्स हे खडीचे थर मिळून ४५० मिमी, त्यांचा मॉड्युलस २०८. वर डांबरी थर: १०० मिमी डीबीएम, त्यावर ४० मिमी बीसी, दोन्ही व्हीजी-४० डांबरात, म्हणून मॉड्युलस ३०००.

डीबीएमच्या तळाशी स्ट्रेन ०.०००२०८ येतो. सल्लागारांनी डीबीएममधले एअर व्हॉइड्स (हवेच्या पोकळ्या) ३ टक्के आणि इफेक्टिव्ह बिटुमेन (खडीने न शोषलेलं डांबर) आकारमानाने ११.५ टक्के धरलंय. त्या हिशेबाने स्ट्रेनची मुभा ०.०००२१९, म्हणजे पास. पण ठेकेदाराच्या जॉब मिक्समध्ये (साइटवर वापरायच्या मिश्रणाच्या प्रमाणात) हेच आकडे ४.५ आणि १०.५ आहेत! ते घातले की फटीगच्या सूत्रातला गुणक 'सी' ३.१६ वरून १.१२ वर येतो, मुभा ०.०००१६८ होते आणि फटीग लाइफ (तडे जाईपर्यंतचं आयुष्य) ३७ एमएसएवरून १३ वर. रटिंगच्या (चाकोरी पडण्याच्या) सूत्रात व्हॉइड्स येतच नाहीत, ती बाजू ठीक आहे.

सल्लागार म्हणतात, "स्पेसिफिकेशनमध्ये ३ ते ५ चालतं, मग अडलं कुठे?" साहेबांना फाइल लवकर हवीये. जाडी वाढवायला सांगू की मिक्स बदलायला?

आणखी एक: आउटपुटमध्ये १४० मिमी खोलीची (डीबीएमच्या तळाची) ओळ दोनदा येते, दुसरीला 'एल' लागलेला. कुठली घ्यायची?

खडीकाम: 'एल' म्हणजे खालच्या थराच्या माथ्यावरचं उत्तर. थर पूर्ण चिकटलेले धरल्यामुळे आडवा स्ट्रेन दोन्ही ओळींत सारखाच दिसेल. ५९० मिमीला (सबग्रेडच्या माथ्याला) मात्र उभा स्ट्रेन 'एल'च्याच ओळीतला घ्या, नाहीतर सबग्रेडऐवजी जीएसबीचा आकडा उचलाल. आणि त्रिज्या ० व १५५ मिमी (चाकाखाली आणि जोडचाकांच्या मधोमध), दोन्हीकडे बघा. मोठा तो घ्यायचा.
व्हॉइड्सचं म्हणाल तर ३ टक्के ही बिटुमेन जास्त असलेल्या तळाच्या डीबीएमची गोष्ट आहे. कागदावर ते धरायचं आणि साइटवर नेहमीचं मिक्स टाकायचं, हे चालणार नाही. डीबीएम ५०-५० च्या दोन लिफ्टमध्ये (एकावर एक थरांत) असेल तर खालच्या लिफ्टचं वेगळं जॉब मिक्स मागवा. नाहीतर डीबीएम साधारण २५-३० मिमी वाढवून पुन्हा चालवा.

धागाकर्ता: आभार दादा. १५५ ला बघितलं नव्हतं, आज चालवतो. दोन्ही पर्यायांचा किलोमीटरमागचा खर्च काढूनच साहेबांकडे जातो. खालच्या लिफ्टचे व्हॉइड्स कोअर काढून तपासायची अट टेंडरमध्ये कोणी घातली असेल, तर तिचा मसुदा इथे टाका प्लीज.