पुराचा इशारा मिळूनही काही घरं उशिरा का निघतात?

कृष्णाकाठ: 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे, म्हणजे कळलं नव्हतं असं नाही, तरी कितीतरी लोकं शेवटी बोटीनं काढावी लागली. असं का होतं?

नदीवेस: आमच्या गल्लीचं सांगतो. चारचाकीवाले दुपारीच पाहुण्यांकडं गेले. शेजारच्या काकू एकट्या, सासू अंथरुणाला खिळलेली, दारात दोन म्हशी. दावं हातात धरून नुसत्या उभ्या होत्या, जनावरं न्यायची कुठं? आजीला आम्ही चौघांनी खाटेसकट उचललं, त्यातच दीड तास गेला ओ.

पलूसकरीण: मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात, भाड्यानं राहणारी बाहेरची कामगार कुटुंबं ग्रुपवरच नसतात. आणि त्याच पुरातली ब्रह्मनाळ गावची बोट आठवा, लोकांना बाहेर काढताना 8 ऑगस्टला उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. कळकळीनं सांगते, म्हातारी, गरोदर, अपंग, जनावरवाली घरं यांची यादी मे महिन्यातच करा, पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला आलं की पहिली गाडी त्यांच्या दारात.

कृष्णाकाठ: पटलं. काकूंच्या म्हशी वाचल्या का?

नदीवेस: एकच.